लाल चेंडू, २३ इंची रॅकेट आणि जाळी : मुलांच्या टेनिसची पहिली खरेदी

लहान मुलाला टेनिस सुरू करून द्यायचे म्हटले की पालकांच्या मनात आधी प्रशिक्षक येतो, मग कोर्ट येते आणि साहित्याचा विचार सगळ्यात शेवटी होतो. मोठ्या शहरात हा क्रम चालून जातो. सेलूसारख्या तालुक्याच्या गावी मात्र पहिल्या दोन गोष्टींची सोय सहजासहजी होत नाही, म्हणून तिसरीपर्यंत कोणी पोहोचतच नाही आणि मूल क्रिकेटकडे नाहीतर मोबाइलकडे वळते. माझ्या सात वर्षांच्या भाचीसाठी मी गेल्या हिवाळ्यात जे साहित्य मागवले, त्यात लाल टप्प्याचे, म्हणजे नवशिक्या मुलांसाठीचे मंद चेंडू, २३ इंची रॅकेट आणि घडीची छोटी जाळी अशा तीन वस्तू होत्या. हिवाळा, परभणी जिल्ह्याचा उन्हाळा आणि आता पावसाळ्याचे पहिले दिवस एवढा काळ त्या वापरून झाल्यावर हे परीक्षण लिहीत आहे. निष्कर्ष आधीच सांगतो. चेंडू अत्यंत उपयोगी आहेत, रॅकेट मापाची घेतली तर उत्तम आहे आणि जाळी आमच्यासारख्या गावी विकत घेण्याची गरज नाही.

चेंडूंपासून सुरुवात करतो, कारण या खरेदीत खरा फरक पडतो तो त्यांनीच. मोठ्यांच्या टेनिसचे कोर्ट २३.७७ मीटर लांब असते आणि जाळी मध्यभागी ९१.४ सेंटिमीटर उंच असते. नेहमीच्या पिवळ्या चेंडूचे वजन ५६ ते ५९.४ ग्रॅम असते आणि २५४ सेंटिमीटर उंचीवरून कठीण जमिनीवर सोडला असता तो १३५ ते १४७ सेंटिमीटर उसळावा लागतो. आता सव्वा मीटरही उंची नसलेले मूल या कोर्टावर उभे करून पाहावे. मोठ्या माणसाच्या कमरेशी येणारा चेंडू त्याच्या खांद्याशी किंवा डोक्यावरून जातो, मूल मागे मागे सरकत राहते, आणि चेंडू कसाबसा गाठायचाच म्हणून मूठ वाकडी करून रॅकेट धरायला शिकते. वाकड्या मुठीची ही सवय एकदा हाताला लागली की पुढे मोडताना नाकी नऊ येतात. बऱ्याच मुलांना टेनिस जमत नाही असे आपण म्हणतो, तेव्हा त्यांच्या हाती दिलेला चेंडू त्यांच्या अंगाचा नसतो एवढेच खरे असते.

आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने २००७ साली ‘प्ले अँड स्टे’ नावाची मोहीम सुरू केली ती याच कारणासाठी. पहिल्या धड्यापासून मुलाला सर्व्हिस करता यावी, चेंडू परतवता यावा आणि गुण मोजून सामना खेळता यावा, हे तिचे सूत्र होते. त्यासाठी लाल, नारिंगी आणि हिरवा असे मंद चेंडूंचे तीन टप्पे ठरवण्यात आले. महासंघाच्या हिशेबाने लाल चेंडू पिवळ्यापेक्षा ७५ टक्के, नारिंगी ५० टक्के आणि हिरवा २५ टक्के मंद असतो. १ जानेवारी २०१२ पासून तर खेळाच्या नियमांतच बदल झाला आणि दहा वर्षांखालील मुलांच्या स्पर्धांमध्ये नेहमीचा पिवळा चेंडू वापरण्यास बंदी आली. एखाद्या खेळाने लहान मुलांसाठी आपला चेंडूच बदलावा, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. आपल्याकडे क्रिकेटमध्ये सात वर्षांच्या पोराला अजूनही बावीस यार्डांच्या खेळपट्टीवर उभे करतात आणि तो घाबरला की त्यालाच बोल लावतात.

लाल चेंडूच्या कापडी प्रकाराचे वजन ३६ ते ४९ ग्रॅम असते, आकार पिवळ्यापेक्षा मोठा म्हणजे ७ ते ८ सेंटिमीटर व्यासाचा असतो आणि वर सांगितलेल्या उंचीवरून सोडल्यावर तो ९० ते १०५ सेंटिमीटर उसळतो. आकडे कोरडे वाटतील, पण अंगणात त्यांचा अर्थ लगेच कळतो. टप्पा पडल्यावर चेंडू मुलाच्या कमरेच्या आणि छातीच्या मध्ये येतो आणि तेथे क्षणभर रेंगाळल्यासारखा वाटतो. तेवढ्या वेळात मूल पाय लावते, रॅकेट मागे नेते आणि चेंडू समोर असतानाच मारते. भाचीच्या हाती आधी शेजारच्या मोठ्या मुलांचा पिवळा चेंडू होता आणि तिचे निम्म्याहून अधिक फटके हवेत जात. लाल चेंडू आल्यावर थोड्या वेळाने ती थांबून म्हणाली, “मामा, ह्या बॉलला मारायला टाइम मिळायलाय.” चेंडूच्या पाकिटावरच्या सगळ्या मजकुरापेक्षा हे वर्णन मला अधिक नेमके वाटते.

येथे एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. ‘मुलांचा टेनिस बॉल’ या नावाखाली बाजारात काहीही विकले जाते. मी पहिली मागणी एका ऑनलाइन विक्रेत्याकडे नोंदवली होती. चित्रात लाल-पिवळे चेंडू होते, वर्णनात वयोगटही होता, पण आलेल्या चेंडूंवर टप्प्याचा क्रमांक नव्हता की महासंघाच्या मान्यतेची खूण नव्हती. रंगावर विसंबून न राहता मी त्यांची उसळी मोजली. पोर्चच्या भिंतीवर खाली शून्य येईल अशी मोजपट्टी चिकटवली, स्टुलावर उभे राहून २५४ सेंटिमीटरच्या खुणेवरून चेंडू नुसता सोडला, फेकला नाही, आणि भाचीच्या बाबांनी समोरून मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये चित्रण केले. चेंडूचा तळ कुठवर गेला ते चित्रण थांबवून पाहिले. ते लाल-पिवळे चेंडू जवळजवळ पिवळ्या चेंडूंइतकेच उसळत होते. रंग तेवढा लाल होता. विक्रेत्याने परत घेण्यास बरीच टाळाटाळ केली आणि शेवटी पैसे परत केले. त्यानंतर मागवलेल्या, ‘स्टेज ३’ (म्हणजे लाल टप्पा) असे स्पष्ट छापलेल्या चेंडूंनी याच चाचणीत शंभर सेंटिमीटरच्या आसपास उसळी घेतली. ही चाचणी कोणालाही घरी करता येते, फक्त खाली सिमेंटची किंवा फरशीची पक्की जमीन हवी आणि चेंडू परत करण्याची मुदत संपण्याआधी ती व्हायला हवी.

गावच्या दुकानात मिळणाऱ्या टेनिस बॉलविषयीही सावध राहावे. आपल्याकडे दुकानदाराला टेनिस बॉल मागितला की तो क्रिकेटचाच देतो आणि त्यातही ‘हेवी’ म्हणून मिळणारा चेंडू चांगलाच जड असतो. सात वर्षांच्या मुलाने छोट्या रॅकेटने तो मारला की धक्का थेट मनगटाला आणि कोपराला बसतो. पाच-पन्नास रुपये वाचवण्यासाठी तो मुलाला देऊ नये.

लाल चेंडूंत फोमचा आणि कापडाच्या आवरणाचा असे दोन प्रकार मिळतात. फोमचा अधिक मोठा, अधिक हलका आणि घरात, बंद सभागृहात किंवा सिमेंटच्या अंगणात खेळायला फार चांगला आहे. खिडकीला लागला तरी काच फुटण्याचे भय जवळजवळ नसते आणि मुलाला अंगावर आला तरी लागत नाही. पण आमच्याकडच्या उघड्या मैदानावर तो टिकत नाही. मुरमाच्या मैदानाच्या कडेला सराटे उगवतात आणि त्यांचे काटे फोममध्ये असे रुततात की काढताना चेंडूचे तुकडेच हाती येतात. शिवाय वारा सुटला की फोमचा चेंडू भरकटतो. कापडी चेंडूला कुसळे चिकटतात, पण ती बोटांनी वेचता येतात, आणि धुळीने रंग गेला तरी उसळी फारशी बदलत नाही. ओल मात्र त्याला सोसत नाही. पावसानंतरच्या सकाळी भिजलेल्या गवतावरून दोनदा गडगडला तरी चेंडू जड होतो आणि सावलीत पूर्ण वाळेपर्यंत वापरण्यात अर्थ नसतो. काळ्या मातीच्या मैदानावर दोन्ही प्रकार निरुपयोगी आहेत, कारण उन्हाळ्यात भेगा आणि पावसाळ्यात चिखल यांमुळे टप्पाच मिळत नाही. दाबून बसवलेला मुरूम किंवा सिमेंट हवे. शाळांच्या आवारातले पेव्हर ब्लॉक चालतात, परंतु जिथे ठोकळे खचलेले असतील तिथे चेंडू वाकडा उडतो आणि नवशिक्या मुलाला तो आपलाच दोष वाटतो.

किती चेंडू घ्यावेत, हा प्रश्न मला अनेकांनी विचारला. तीनचे पाकीट पुरत नाही. मूल फटका मारते, चेंडू गेटापर्यंत जातो आणि पुढची दोन मिनिटे आणण्यात जातात. अशाने तासाभरात मुलाचे फटके थोडे आणि धावपळच जास्त होते. निदान डझनभर चेंडू आणि ते ठेवायला एखादी बादली असावी. लाल चेंडू सहसा हवाबंद डब्यात येत नाहीत, साध्या पिशवीत येतात. डबा उघडल्यावर काही दिवसांत पिवळ्या चेंडूची हवा कमी होऊन उसळी जाते, तसा प्रकार येथे आमच्या अनुभवाला आला नाही. हिवाळ्यातले चेंडू अजून खेळात आहेत.

आता रॅकेट. विल्सन, हेड, बाबोला या तिन्ही कंपन्या मुलांसाठी १९ इंचांपासून २६ इंचांपर्यंतच्या रॅकेट तयार करतात आणि डेकॅथलॉनमध्येही त्या सहज मिळतात. प्रौढांची रॅकेट २७ इंचांची असते. साधारणपणे चार ते सहा वर्षांच्या मुलाला २१ इंची, सहा ते आठच्या मुलाला २३ इंची आणि आठ ते दहाच्या मुलाला २५ इंची रॅकेट लागते, पण वयापेक्षा उंचीवर भरवसा ठेवावा. मुलाने ताठ उभे राहून हात मांडीलगत सोडावा आणि हातातल्या रॅकेटचे टोक जमिनीच्या किंचित वर राहावे. टोक जमिनीला टेकत असेल तर रॅकेट मोठी आहे असे समजावे.

आमच्या घरात याच मुद्द्यावर चर्चा झाली. बहीण म्हणाली, “दादा, एवढीशी रॅकेट वर्षभरात लहान होईल, जरा मोठीच घे ना.” तिचे म्हणणे व्यवहाराचे होते, कारण आपण मुलांचा गणवेश घेतो तो वाढत्या अंगाचा घेतो आणि बाह्या दुमडून पहिले वर्ष काढतो. रॅकेटच्या बाह्या दुमडता येत नाहीत. लांब रॅकेटचे वजन हातापासून दूर जाते, मूल ती पेलण्यासाठी मुठीच्या वर दांड्याला धरते, आणि मग चेंडू रॅकेटच्या मध्यावर न लागता मनगटाजवळ लागतो. नेहमीची २७ इंची रॅकेट तारांसह ३०० ग्रॅमच्या आसपास भरते. मुलांची अ‍ॅल्युमिनियमची २३ इंची रॅकेट २०० ग्रॅमच्या आगेमागे असते. हा शंभर ग्रॅमचा फरक पन्नास फटक्यांनंतर मुलाच्या खांद्याला कळतो. बहिणीने भाचीच्या हाती दोन्ही रॅकेट देऊन पाहिल्या आणि मग २३ इंचीलाच होकार दिला.

या वयासाठी अ‍ॅल्युमिनियमची रॅकेट पुरेशी आहे. ग्रॅफाइटची महाग रॅकेट घेऊन सात वर्षांच्या मुलाच्या खेळात काही फरक पडेल असे मला वाटत नाही, आणि लाल चेंडू मंद असल्यामुळे तारांवर ताणही कमी येतो. आमच्या रॅकेटच्या तारा आल्या तशाच आहेत. याला महत्त्व आहे, कारण तालुक्याच्या गावी टेनिसच्या तारा बसवणारा कारागीर मिळणे अवघड असते. मुठीवरची पट्टी मात्र उन्हाळ्यात घामाने गुळगुळीत झाली आणि बदलावी लागली. वर गुंडाळायची साधी ग्रिप कुठल्याही क्रीडासाहित्याच्या दुकानात मिळते, फक्त एकच थर गुंडाळावा, नाहीतर मूठ जाड होते आणि लहान बोटे तिला पुरत नाहीत. एवढ्या किरकोळ दुरुस्तीखेरीज रॅकेटविषयी माझी काहीही तक्रार नाही. हजार रुपयांच्या आगेमागे मिळणारी ही वस्तू दोन वर्षे सहज कामी येईल आणि पुढे धाकट्या भावंडाकडे जाईल.

जाळीविषयी इतके चांगले लिहिता येत नाही. घडीची छोटी जाळी दिसायला सुबक आहे, पाच मिनिटांत उभी राहते आणि पिशवीत मावते, हे सगळे खरे आहे. पण तिचे पाय प्लास्टिकचे आणि वजनाने हलके असल्यामुळे दुपारचा वारा सुटला की ती आडवी होते, दोन्ही बाजूंना विटा ठेवाव्या लागतात, आणि तीन मीटर रुंदीच्या जाळीच्या बाजूने चेंडू सारखे निसटतात. किमतही रॅकेटपेक्षा जास्त. याला फार सोपा पर्याय आपल्या गावांत आधीपासून आहे. लाल टप्प्याचे कोर्ट साधारण ११ मीटर लांब आणि साडेपाच मीटर रुंद असते आणि त्याची जाळी ८० सेंटिमीटर उंच असते. बॅडमिंटनचे कोर्ट १३.४० मीटर लांब आणि ६.१० मीटर रुंद असते, म्हणजे लाल कोर्ट त्यात आरामात बसते. याहून चांगली गोष्ट म्हणजे बॅडमिंटनची जाळी वरपासून खालपर्यंत ७६ सेंटिमीटरची असते. ती खाली उतरवून तिची खालची कड जमिनीपासून चार बोटांवर, म्हणजे साधारण सहा-सात सेंटिमीटरवर बांधली की वरची कड जवळजवळ हव्या त्या उंचीवर येते. मी शाळेच्या मैदानावर दोन बांबूंना अशी जाळी बांधतो, फक्कीने चार रेषा मारतो आणि कोर्ट तयार होते. बॅडमिंटनची जाळी नसेल तर दोन खुर्च्यांना ८० सेंटिमीटरवर सुतळी बांधून तिच्यावर जुनी ओढणी टाकली तरी काम भागते. जाळीवर घालायचे पैसे आणखी एक डझन चेंडूंवर घालावेत, असा माझा स्पष्ट सल्ला आहे.

या साहित्याचा उपयोग कसा करावा हेही थोडे सांगायला हवे, कारण वस्तू चांगली असून वापर चुकला तर मूल पंधरा दिवसांत कंटाळते. पहिल्या दिवशी रॅकेट हातात देऊन फोरहँड शिकवायला बसू नये. आम्ही आधी रॅकेट बाजूला ठेवून झेलाझेली खेळलो, म्हणजे मी चेंडू खालून टाकायचा, एक टप्पा पडू द्यायचा आणि भाचीने तो दोन्ही हातांत झेलायचा. चेंडू कुठे पडणार आणि उसळून कुठे येणार याचा अंदाज मुलाला आला की निम्मे टेनिस आले. पुढे रॅकेटवर चेंडू तोलत चालणे, मग जमिनीवर टप्पे मारणे, मग हाताने टाकलेला चेंडू समोरच्या बादलीकडे मारणे, असे करत करत जाळीवरून परतवण्यापर्यंत आलो. पकड शिकवताना एवढेच सांगितले की रॅकेटशी हस्तांदोलन कर. बॅकहँडला दोन्ही हात वापरायचे हे तिने आपणहून केले, कारण एका हाताने तिला रॅकेट पेलेना.

सर्वांत अधिक गोडी लागली ती मोजण्यामुळे. जाळीच्या दोन्ही बाजूंनी मिळून चेंडू किती वेळा परतवला गेला हे आम्ही मोठ्याने मोजतो. येथे मी प्रतिस्पर्धी नसून तिचा जोडीदार असतो, आणि चेंडू तिच्या कमरेशी येईल असा टाकणे ही माझी जबाबदारी असते. मंद चेंडूमुळे आम्हा दोघांचेही काम सोपे होते. टेनिस कधीही न खेळलेला पालकसुद्धा लाल चेंडू मुलाला नीट देऊ शकतो, आणि पिवळ्या चेंडूने ते मुळीच जमत नाही. सुट्टीत आत्येभाऊ आला तेव्हा दोघांनी सात गुणांचा सामना खेळला. सर्व्हिस खालूनच केली, रेषेवर पडला की बाहेर यावरून भांडणही झाले, आणि फक्कीवर उमटलेला चेंडूचा ठसा पाहून त्याचा निवाडा दोघांनीच केला. अशा वेळी मोठ्यांनी मध्ये पडू नये असे मला मनापासून वाटते.

तुलनेसाठी एका मोठ्या शहरातल्या प्रशिक्षण वर्गाचा अनुभव नोंदवतो. बहिणीची इच्छा होती म्हणून सुट्टीत काही दिवस भाचीला तेथे पाठवले होते. कोर्ट उत्तम होते, दिवे होते, फीही तशीच होती. परंतु सहा-सात वर्षांची मुले पूर्ण कोर्टावर पिवळ्या चेंडूने खेळत होती आणि एका रांगेत उभी राहून पाळी येईल तेव्हा एकेक फटका मारून पुन्हा रांगेच्या शेवटी जात होती. भाचीचा बहुतेक वेळ पुढच्या मुलाच्या पाठीकडे पाहण्यात गेला. वास्तविक एका पूर्ण कोर्टाची दुहेरीची रुंदी १०.९७ मीटर, म्हणजे लाल कोर्टाच्या लांबीइतकीच असते. त्यामुळे आडव्या जाळ्या लावल्या तर त्या एकाच कोर्टावर चार तरी छोटी कोर्टे बसतात आणि रांग लावण्याची वेळच येत नाही. ज्यांना संभाजीनगर, नांदेड किंवा लातूरला वर्ग लावणे शक्य आहे त्यांनी जरूर लावावा, पण आधी तासभर बाहेर बसून पाहावे. लहान मुलांसाठी लाल आणि नारिंगी चेंडू आहेत का, एका मुलाला तासाभरात किती फटके मारायला मिळतात, आणि मुले आपापसात खेळतात की फक्त प्रशिक्षकाने फेकलेले चेंडू मारतात, एवढे पाहिले तरी वर्गाची परीक्षा होते. खुद्द कोर्ट कसे आहे हा प्रश्न या वयात त्यामानाने गौण आहे.

परभणीकडचा उन्हाळा हा या खेळातला मोठा अडसर आहे. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या पुढे जातो आणि सकाळी आठनंतर सिमेंटचे अंगण तापू लागते. आम्ही त्या दिवसांत सहाला सुरू करून सातला थांबत होतो. संध्याकाळी जमीन निवायला फार उशीर होतो. डोक्यावर टोपी, मध्ये मध्ये पाणी आणि खेळून आल्यावर ताक किंवा पन्हे एवढा नेम पाळला. पायांत शाळेचे कॅनव्हासचे बूट चालतात, मात्र मुरमावर सपाट झिजलेले तळवे घसरतात, तेव्हा तळ पाहून घ्यावा.

पुढच्या टप्प्याचाही विचार आत्ताच करून ठेवला आहे. नारिंगी टप्प्याला १८ मीटर लांबीचे कोर्ट लागते आणि आपल्याकडे शाळाशाळांतून आखलेले व्हॉलीबॉलचे मैदान बरोबर १८ मीटर लांब आणि ९ मीटर रुंद असते, त्यामुळे तीही सोय गावातच होते. कोर्टाची रुंदी साडेसहा मीटर ते सव्वाआठ मीटरपर्यंत ठेवता येत असल्याने दोन्ही कडांना आत एकेक रेषा मारली की झाले. व्हॉलीबॉलची जाळी एक मीटर रुंद असते, म्हणून खाली आणून बांधताना तिची खालची कड दुमडून घ्यावी लागेल. हा बदल वाढदिवस पाहून करू नये. लाल चेंडू ओळीने वीस-पंचवीस वेळा जाळीपलीकडे जाऊ लागला आणि मूल आपणहून मागे सरकून मोठे फटके मारू लागले की नारिंगी चेंडू आणावेत. रॅकेटही तेव्हाच हात सोडून मोजावी आणि टोक जमिनीपासून फार वर राहत असेल तर २५ इंची घ्यावी. भाचीला अजून काही महिने लाल चेंडूच पुरतील.

खरेदी करणाऱ्यांसाठी शेवटी एवढेच की हे चेंडू आमच्याकडच्या दुकानांत तयार ठेवलेले नसतात, मागवावे लागतात. मागवताना वर्णनात ‘स्टेज ३’ किंवा ‘रेड’ असे स्पष्ट लिहिलेले असावे, आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या मान्यतेचा उल्लेख असावा आणि वस्तू परत करण्याची मुदत किमान आठवड्याची असावी. चार-पाच घरांनी मिळून एकदम मागवले तर दर कमी पडतो आणि मुलांना खेळायला सोबतही मिळते. आमच्या गल्लीतल्या तीन कुटुंबांनी मिळून पुढची मागणी नोंदवली आहे. त्यात दोन डझन कापडी लाल चेंडू आहेत, एक २१ इंची आणि दोन २३ इंची रॅकेट आहेत, आणि जाळी नाही.